लाल पट्ट्यापर्यंत पाणी

त्या गाडीच्या दारावरची अक्षरं मीच चिकटवली होती. मस्कतमधल्या रुवीत एका फलक आणि रेडियमच्या दुकानात मी कामाला होतो. कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं, मशीनवर अक्षरं कापायची आणि बाहेर रस्त्यात, उन्हात उभं राहून ती गाड्यांवर चिकटवायची. एक दिवस तो पांढरी पिकअप घेऊन आला. एसी दुरुस्तीच्या कंपनीची गाडी. त्याच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, निरोप होता की नाव समोरच्या डोंगरावरून वाचता आलं पाहिजे. वर अरबीत नाव, खाली इंग्रजीत, त्याखाली एसी बिघडल्यास फोन करायचा नंबर. नंबर मात्र अर्बाबचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता. आम्ही हिंदीतच बोलत होतो. एक आकडा मी वाकडा लावला आणि त्याने जी शिवी दिली ती थेट मालवणची होती. मी हसलो. तिथून आमची दोस्ती.

मी सोलापूरचा. आमच्या घरात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं आणि विडी कामगारांची पत्रकं त्यावर निघायची. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर. शाळेत 'माझी आई' या निबंधाचा शेवटही मी मागण्या मांडून केला होता, आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता, हसण्यासाठी. मालक हा शब्द आमच्या घरी साधा कधी उच्चारला गेला नाही. मस्कतला आलो तर इथे दिवसातून शंभरदा 'अर्बाब, अर्बाब' म्हणणारी माणसं भेटली, आणि सगळ्यांचे पासपोर्ट मालकांच्या ड्रॉवरमध्ये. कायद्याने ते ठेवायचे नसतात. ठेवतात. माझाही तसाच होता. मी दोनदा मागितला, दोन्ही वेळा चहा मिळाला.

त्या वर्षांत नियम असा होता की मालकाचं ना हरकत पत्र नसेल तर नोकरी बदलता येत नाही. सोडलीच, तर देश सोडायचा आणि दोन वर्षं परत यायचं नाही. माझ्या मित्राला सोहारला एका कारखान्यात नोकरी ठरली होती. हुद्दा असा की फॅमिली व्हिसा मिळणार होता. बायको आणि तीन वर्षांची मुलगी गावी होती. मुलीला त्याने मांडीवर घेतलं होतं ते एकूण दोन सुट्ट्यांत. अर्बाबने पत्रावर सही करायचं कबूल केलं होतं. रविवारी करतो म्हणाला होता. गावी बायकोने बॅग आणली होती आणि मुलगी त्या बॅगेत बसून खेळते, असा फोटो त्याने मला चार वेळा दाखवला होता.

त्या रविवारच्या आधीचा हा गुरुवार. एप्रिल होता. संध्याकाळी आमच्या बिल्डिंगखाली हॉर्न वाजला.

"खाली ये मेल्या. निझवेक जातंव."

"आत्ता?"

"मगे काय पंचांग बघूया? उद्या शुक्रवार. बकऱ्यांचो बाजार बघूचो आसा माका. सोहारला गेल्यावर कोण येतलो हंय?"

मी खाली आलो. पिकअप बघून विचारलं, "अर्बाबला विचारलंस?"

"अर्बाब दुबईक गेलो. शनिवारी रात्री येतलो." मग माझ्याकडे बघून तो हसला. "तुझो बापूस पत्रकां छापताना कलेक्टराक विचारी काय?"

मी चढलो.

मस्कतपासून दोन तासांवरच्या निझव्याला त्याच्या गावचा एक माणूस राहत होता, त्याच्या खोलीवर आम्ही झोपलो. सकाळी उजाडताच बाजार. मधे मोकळी गोल जागा, भोवती माणसं बसलेली, आणि विकणारे दोरीला बकऱ्या धरून त्या गोलातून फिरत राहतात. ज्याला हवी तो हात करतो. मित्र अगदी पुढे जाऊन बसला. प्रत्येक बकरीला त्याने काही ना काही म्हटलं. एक तपकिरी बकरी कुणी घेईना. ती पुन्हा पुन्हा आमच्यासमोरून जात होती, आणि प्रत्येक फेरीला तिचं ओरडणं कमी होत होतं. "हिका कळला," मित्र म्हणाला आणि त्यानंतर त्याने त्या बकरीकडे बघणं टाळलं.

आम्ही गाडीकडे परतलो तेव्हा एक म्हातारा ओमानी दारासमोर उभा होता. पांढरा झगा, कमरेला खंजीर, हातात काठी. तो माझी अक्षरं वाचत होता. बोट लावून, सावकाश, अरबी ओळ.

अर्बाबचं नाव घेऊन, हा माझ्या आत्याचा मुलगा, असं तो हिंदीत म्हणाला. "वो भी आया?"

"नहीं," मित्र म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली, आमच्या दोघांकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "उसको मेरा सलाम बोलो." काही वाईट बोलला नाही. उलट आम्हाला शेजारच्या दुकानातून हलवा चाखायला दिला. पण गाडीत बसल्यावर मित्राने किल्ली लावली आणि बराच वेळ ती फिरवलीच नाही.

"परत जाऊ या," मी म्हणालो.

"तो कित्याक फोन करतलो? म्हातारो माणूस." असं म्हणून त्याने गाडी काढली, पण मस्कतच्या दिशेला नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं मातीचं गाव आहे, तिथे खजुरांच्या बागांतून पाण्याचा पाट वाहतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तो त्याला बघायचाच होता. दोन वर्षं त्याने वाहतं पाणी पाहिलं नव्हतं.

हमरस्ता सोडून बरंच आत गेलो. वाटेत रस्ता एका कोरड्या वादीत उतरत होता आणि पलीकडे चढत होता. वादी म्हणजे इथली नदी, वर्षभर नुसते दगडगोटे. रस्त्याच्या कडेला लोखंडी खांब होते, खाली पांढरे आणि वर लाल पट्ट्याचे. पाणी लाल पट्ट्याला लागलं तर गाडी घालायची नाही, ही त्याची खूण. आम्ही भर उन्हात तिथून धूळ उडवत गेलो आणि मित्र खांबांना हात करून म्हणाला, "बिचारे. पाण्याची वाट बघतंत."

पाट खरंच होता. आमच्या कोकणात असाच असतो, सुपारीच्या बागेत, असं म्हणत तो त्यात पाय सोडून बसला. पँट गुडघ्यापर्यंत वर. तितका सुखी तो मला पुन्हा दिसला नाही. ऊन कधी गेलं ते आम्हाला कळलं नाही. डोंगराच्या माथ्यावर काळं जमलं होतं, आमच्या डोक्यावर मात्र आभाळ स्वच्छ. थोड्या वेळाने पाटातलं पाणी गढूळ झालं. मी ते बघत होतो तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

अर्बाब. तो लवकर परतला होता. मित्राने फोन कानाला लावला आणि मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, शांत आणि हळू.

"गाड़ी किधर है?"

"रुवी में, अर्बाब. यार्ड में."

फोन कट झाला असं वाटून मित्राने स्क्रीन बघितली.

"रुवी में," अर्बाब म्हणाला. "अच्छा. कल सुबह सोहार सामान जाएगा. आज शाम को सात बजे गाड़ी घर पे लाओ."

मित्राने ओले पाय तसेच बुटात घातले.

वादीच्या उताराशी पोहोचलो तर आमच्या आधी तीन गाड्या थांबलेल्या. रस्ता नव्हता. सकाळी जिथे धूळ होती तिथे चहाच्या रंगाचं पाणी चाललं होतं, फांद्या, प्लास्टिकचे डबे, एक संपूर्ण खजुराचं झाड घेऊन. आमच्यावर थेंबही पडला नव्हता. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, ठक, ठक, खोल. तळाशी मोठे दगड घरंगळत होते. तो आवाज कानापेक्षा पायांना जास्त कळत होता.

थांबलेल्यांना घाई नव्हती. एका जाड्या ओमानी माणसाने चटई पसरली होती आणि थर्मासमधून काहवा ओतत होता. त्याने आम्हाला खजूर पुढे केले. "सब्र," तो म्हणाला. पाणी लाल पट्ट्याच्या खालच्या कडेला लागलं होतं.

मग मागून एक उंच लँडक्रूझर आली. थांबली नाही. सरळ पाण्यात उतरली, मध्यावर थोडी तिरकी झाली, दारापर्यंत पाणी आलं, आणि पलीकडे चढून गेली.

"बघलंस? ती गेली मा?" मित्र गाडीकडे निघाला. "मग आमी कित्याक नाय?"

"ती किती उंच आहे बघ. आणि आपल्या मागच्या हौद्यात काहीही वजन नाही."

"बस नायतर उतर."

मी बसलो. त्याने गाडी सुरू केली आणि पुढे घेतली. पुढची चाकं उताराला लागली तेव्हा मी हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. हँडब्रेक त्याने ओढला, संतापाने, पण ओढला.

"चावी दी."

"नाही."

"दी म्हणतंय."

"त्याच्या लोखंडासाठी तू मरणार? मालकाची गाडी वेळेत पोचावी म्हणून?"

"तेच्या लोखंडासाठी नाय रे! त्या बॅगेतल्या माझ्या चेडवासाठी!" त्याने माझं मनगट धरलं. "रविवारी सही आसा माझी. रविवारी!"

मी त्याला सांगितलं, कोणत्याही माणसाचा संसार दुसऱ्या माणसाच्या सहीवर टांगलेला असता कामा नये, आणि असलाच तर त्या सहीसाठी जीव द्यायचा नाही, ती सही मागायला जिवंत राहायचं. मला आजही तसंच वाटतं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पुरा झाला तुझा पत्रक? आता खाली नाव घाल, आणि चावी दी."

मी उतरलो आणि चढावर त्या चटईशी जाऊन उभा राहिलो. तो मागे आला. माझी मूठ उघडायचा प्रयत्न त्याने केला, आम्ही दोघं खडीवर पडलो. जाडा माणूस उठला आणि काही न बोलता आमच्या मधे उभा राहिला.

"फोन कर त्याला," मी धापा टाकत म्हणालो. "खरं सांग. वादी आली म्हणून सांग."

"आणि निझवेक कित्याक गेल्लंय म्हणून काय सांगू?"

सातनंतर अर्बाबचा फोन आला. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मित्राने तो हातात धरून ठेवला, उचलला नाही. त्यानंतर फोन वाजलाच नाही, आणि ते जास्त वाईट होतं. अंधार पडेपर्यंत आणखी दोन गाड्या पाण्यातून गेल्या, दोन्ही पार झाल्या. आमची पिकअप पार झाली असती की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. सकाळी पाणी ओसरलं तेव्हा मधोमध एक मेलेली बकरी पडली होती, पण ती कुठून आली ते कोण सांगणार. गाडी त्याने तिला वळसा घालून नेली.

रविवारी सही झाली नाही. अर्बाबने आरडाओरडा केला नाही, व्हिसा रद्द केला आणि तिकीट काढून दिलं. मित्र जायच्या आधी मी त्याच्या खोलीवर गेलो. बॅग भरून झाली होती. तो गादीवर बसून दोरी बांधत होता.

"तू बरोबर वागलंस असा वाटता तुका?" त्याने वर न बघता विचारलं.

"हो."

"मगे बरा," तो म्हणाला आणि दोरीला गाठ मारली. "जरा बोट ठेव हंय." मी गाठीवर बोट ठेवलं.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी ती पिकअप आमच्या दुकानासमोर आली. या वेळी अर्बाब स्वतः आला होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक अंगाचा, चष्मा लावलेला, आवाज फोनवर होता तसाच हळू. दारावरचा नंबर बदलायचा होता, नवा माणूस आला होता. मी हीट गनने जुने आकडे गरम करून एकेक सोलू लागलो. तो सावलीत न जाता माझ्या शेजारी उभा राहिला.

"तुम भी था उसके साथ? निझवा?"

"था."

"पानी कितना था?"

"लाल पट्टे तक. चाबी मैंने निकाला."

त्याने जीभ टाळूला लावून आवाज केला. "अच्छा किया. लाल पट्टे में गाड़ी नहीं डालना. गाड़ी खलास, आदमी भी खलास."

मला बरोबर म्हणणारा तेवढा एकच माणूस मला भेटला.

"तो साइन क्यों नहीं किया?"

"मैं पूछा, गाड़ी किधर. वो बोला, रुवी." तो रागावला नव्हता. "मेरा निझवा वाला भाई सुबह में बोला था, गाड़ी निझवा में है. झूठा आदमी का काग़ज़ पे मैं अपना नाम कैसे लिखेगा?"

"उसका पासपोर्ट आपके पास था," मी म्हणालो. "वो सच कैसे बोलता?"

अर्बाबने चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याने दारावरची अक्षरं वाचली होती तसं, सावकाश.

"तुम्हारा पासपोर्ट किसके पास है?"

मी बोट करून दुकान दाखवलं. काचेच्या आत माझा मालक कुणाशी तरी फोनवर बोलत होता. आमच्याकडे बघून त्याने हात वर केला. अर्बाबनेही त्याला हात केला आणि काच सरकवून आत गेला.

मी काम चालू ठेवलं. सगळे आकडे निघाले, पण उन्हाने दाराचा बाकीचा रंग विटला होता आणि त्यांच्याखालचा तेवढा नवा राहिला होता, त्यामुळे मित्राचा नंबर पूर्ण वाचता येत होता. आत दोघं खुर्च्यांवर बसले होते. चहा मागवला गेला. मी नवा नंबर घेतला, पाठचा कागद सोलला आणि जुन्याच्या वर लावू लागलो.