मागच्या सालचा पूर

हा किस्सा मी सांगतोय खरा, पण माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. तो दिवस मंगळवार होता की बुधवार, हेही मला आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझा मूर्खपणा मात्र लख्ख आठवतो. त्याबद्दल शंका नको.

मी भूगोलाचा प्राध्यापक. नद्यांच्या पाणलोटावर पीएचडी. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

निवृत्त झालो आणि मला एक रोग जडला. रेडिओवरचं काही म्हणजे काही सुटू नये! गायन, भाषण, श्रुतिका, सगळं रेकॉर्ड करायचं आणि मग गाडीत ऐकायचं. यवतमाळ सोडलं की गाडीतला रेडिओ खरखरतो, म्हणून ही युक्ती. युक्ती माझी, यंत्र नामदेवचं. नामदेव माझा शाळेतला मित्र. दारव्ह्याला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्याने एका जुन्या सेटला पेनड्राइव्ह लावायची सोय करून दिली. देताना म्हणाला,

“परोफेसर, हा फक्त भरून ठेवते. तारीख नाही सांगत. शिळं का ताजं, हे तुलेच पाहा लागन.”

“मी काय मूर्ख आहे का?”

त्यावर त्याने सेट पिशवीत घालून माझ्या हातात दिला. सज्जन माणूस होता.

पुढे एका सप्टेंबरात त्याचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला. “उद्या सकाळी पोरगा मले नागपूरच्या दवाखान्यात नेऊन राह्यला. त्याच्या आंधी एक डाव ये ना बे. वापस येतो का नाही, काय माहीत.”

आता हेही कबूल केलं पाहिजे, त्याच्या पोरीच्या लग्नाला मी गेलो नव्हतो. पेपर तपासायचे होते. त्याच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. माझी कंबर धरली होती. कारणं खरी होती हो! पण कारण खरं असलं म्हणून माणूस पोचतो थोडाच? या वेळी मी ठणकावून सांगितलं, “चारच्या आत तुझ्या दारात!”

दोनला निघालो. पेनड्राइव्ह लावला. सुरेख गायन लागलं. ते संपलं, आणि एका बाईंचा गंभीर आवाज आला.

“श्रोत्यांसाठी महत्त्वाची सूचना. अतिवृष्टीमुळे जिल्ह्यातील नदीनाल्यांना पूर आला असून, दारव्हा परिसरात पुलावरून पाणी वाहत आहे…”

माझा हात बटणावर गेला. बंद! गाडी रस्त्याच्या कडेला.

बाहेर काय होतं म्हणता? रखरखीत ऊन! आभाळात चिंधीएवढा ढग नाही. साध्या माणसाने काय केलं असतं? हसून पुढे गेला असता. पण मी साधा माणूस नव्हतो ना! मी विचार केला, पाऊस वर पाणलोटात पडला असणार, लोंढा खाली आला असणार. बरोबरच आहे!

समोरून एक काळीपिवळी जीप आली. मी दोन्ही हात वर करून ती थांबवली.

“दारव्ह्याला पूर आहे!”

“सर, मी आत्ता तिकूनच येऊन राह्यलो,” ड्रायव्हर म्हणाला. “टायर पाहा. निस्ती धूळ हाय.”

“तुम्ही निघाल्यावर आला असेल.”

मागून एक म्हातारी बाहेर डोकावली. “काहो मास्तर, आमच्या कपाशीले प्याले पानी नाही, आन् तुमच्या पुलावरून कुठचं वाहून राह्यलं?”

सगळी जीप हसली. मी त्यांना पाणलोट समजावून सांगणार होतो, पण ते थांबले नाहीत. दारव्ह्याकडे निघालेल्या दोन मोटरसायकलवाल्यांनी मात्र “सर सांगून राह्यले म्हणजे असन” म्हणून गाड्या वळवल्या. मला फार बरं वाटलं.

मग नामदेवला फोन.

“कायचा पूर बे?” तो म्हणाला. “माह्या अंगणात कपडे वाळून कडक झाले.”

“तू घरात पडून आहेस. तुला काय कळणार?”

मग तो म्हणाला, “बरं. ये मंग, तुह्या पुराचं पानी उतरलं का.”

मी गाडी वळवून यवतमाळला घरी परतलो. संध्याकाळी शेजारी धावत आले. “सर, ऐकलं का? दारव्ह्याकडे मोठा पूर! दोन म्हशी वाहून गेल्या म्हणतात!” पाहा! मी म्हणत नव्हतो? माझीच बातमी दोन म्हशी घेऊन माझ्या घरी परत आली होती, आणि मी तिला पुरावा समजून निवांत जेवलो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी फोन केला. वहिनींनी उचलला.

“भाऊजी, आम्ही नागपुरात हाओ. सकाळी सहाला तुमच्या घरावरूनच गेलो. हे म्हणे, झोपू द्या त्याले.”

“पण रस्ता…?”

“कोनता रस्ता?”

त्याला आत ठेवलं होतं, कोणाला भेटू देत नव्हते. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मातीला मी वेळेवर निघालो. पेपर नव्हते, कंबर नव्हती, पूर नव्हता. सवयीने हात पेनड्राइव्हकडे गेला. तेच गायन. त्याच बाई. तोच पूर! सवयीनेच मी पुन्हा बटण दाबलं, आणि कोरड्या ठणठणीत रस्त्यावर गाडी उभी करून तसाच बसून राहिलो. ते रेकॉर्डिंग गेल्या वर्षीचं होतं. तारीख मलाच पाहायची होती.

वहिनींच्या पुढे सगळं ओकून टाकलं. त्या म्हणाल्या, “त्याईले मालूम होतं भाऊजी. तुमचा फोन ठेवला आन् हसले. म्हणे, परोफेसर मागच्या सालच्या पान्यात भिजून राह्यला.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“म्याही तेच म्हटलं. त म्हणे, सांगतलं असतं, पन तो वाद घालते. आन् माह्यात आता तेवढा दम नाही.”

तो पेनड्राइव्ह पुढे सात वर्षं कपाटात पडून होता. मागच्या महिन्यात धीर करून लावला. निदान त्याच्या आदल्या वर्षी तरी पूर होता ना, एवढीच खात्री करायची होती. पूर होता. दोनदा बटण दाबून मी बाईंना जिथे गप्प केलं होतं, तिथून या वेळी त्यांना पुढे बोलू दिलं.

“हा पूल दारव्ह्याच्या पलीकडे, दिग्रस रस्त्यावर आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “यवतमाळ ते दारव्हा वाहतूक सुरळीत सुरू आहे.”