गट नंबर एकशे बाराची लढाई

आमच्या शेजारी, हडको कॉलनीत, कडूबाकाका राहतात. रिटायर्ड मोजणीदार. त्यांच्या घरातला दिवाण झोपायला नाही. त्यावर दर रविवारी मुघल आणि निजामशाही लढायची. काकांचे चिंचोके म्हणजे निजामशाही. शहागंजातले टेलर इब्राहीमभाई यांची शर्टाची बटणं म्हणजे मुघल घोडदळ. फासे टाकायचे, फौजा सरकवायच्या. अकरा वर्षं मुघल हरत होते. मी पंच. मला कुणी विचारलं नव्हतं.

रणभूमी काका स्वतः घडवायचे. थर्माकोलचे डोंगर, त्यावर फेविकॉलनं बसवलेली माती, रंगवलेल्या भुश्शाचं गवत. बाभळी करण्यापायी घरातल्या आवडाकाकूंची भांड्यांची घासणी दर महिन्याला गायब व्हायची. एकच अडचण होती. चाळीस वर्षं खऱ्या जमिनी मोजलेल्या या माणसाला खोटी जमीन करता येत नव्हती. म्हणून घाटातल्या एका लढाईसाठी, जी इतिहासात कुठंही झालेली नाही, त्यांनी आपल्या पिशोर गावचं शेत, गट नंबर एकशे बारा, जसंच्या तसं उतरवलं. बांधासकट. बांध इब्राहीमभाईंनी दिलेल्या कॉलरच्या कडक कापडावर, बक्रमवर, माती थापून केलेला.

"मुघलांच्या काळी गट नंबर नव्हते," मी म्हणालो.

"जमीन व्हती ना?"



इब्राहीमभाई गुरुवारी कायमचे नांदेडला, मुलीकडे चालले होते. ही शेवटची लढाई. "एक बार जीतके जाना है," असं ते महिनाभर सांगत होते. काका हसायचे, पण एक चिंचोका सोडायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा.

त्या दिवशी बटणं घाटाच्या तोंडाशी आली आणि बांधाला अडली. नियम असा, की बांध लागला की घोड्यांनी एक डाव थांबायचं. पुढच्या डावात काकांच्या तोफा बटणांचा भुगा करणार, हे उघड होतं. इब्राहीमभाईंनी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात काकांचा पुतण्या बन्सी पिशोरहून ज्वारी घेऊन आला. बरोबर फकिरा, त्याचा बांधशेजारी. एकाच जीपमधून आलेले, पण वाटभर एकमेकांशी बोललेले नाहीत. बन्सीनं दिवाणाकडं पाहिलं आणि पोतं खाली टाकलं.

"काका, ह्यानं इथंबी बांध कोरला का?"

"बांध हाये तिथंच हाये," फकिरा म्हणाला. "तूच लई डोळे वटारू नको."

"आमच्या वावरात दोन बोटं आलाय!"

काकांनी मोजणीची जुनी वही काढली, टेप काढली. एकदा मोजलं. परत मोजलं. बांध खोटा सांगितला तर लढाई त्यांची होती, आणि आम्हा कुणाला कळलंही नसतं.

"बन्सीचं बराबर हाये," ते म्हणाले. "माझी चूक."

त्यांनी बांध उचलून दोन बोटं फकिराच्या बाजूला सरकवला. फकिराच्या बाजूला अडलेली बटणं आपोआप बांधापलीकडं गेली. वाट मोकळी! इब्राहीमभाईंनी फासा टाकला आणि घाट घेतला. फकिरा रागानं निघून गेला. मी मात्र टाळ्या वाजवल्या. पंचाला शोभलं नाही, पण राहवलं नाही.

इब्राहीमभाई हसले नाहीत. त्यांनी बक्रमचा तो बांध हळूच सोडवला, रुमालात गुंडाळला.

"ये मेरेकू दे, कडूबा."

"ने," काका म्हणाले.

महिन्यानं बन्सी आणि फकिरा दिवाणावरचा बांध बघायला परत आले, पुन्हा एकाच जीपनं. शेतात भांडण पेटलं होतं आणि स्वतःची लढाई घालवून खरं बोललेल्या काकांची मोजणी आता दोघांनाही मान्य होती. दिवाणावर एकशे बारा आणि शेजारचं वावर एकच झालं होतं. अर्ध्या भागावर चिंचोके एकटेच मांडलेले.

"काका, बांध कुठंय?"

"नांदेडला गेलाय," काका म्हणाले आणि खिडकीकडं तोंड करून बसले.