तिसऱ्या रांगेतलं हसणं

त्या दिवशी हॉलमध्ये पहिला मी हसलो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या जनूला तर नाहीच. जनू जाऊन आता महिना उलटला. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, आधी त्याचे चार गमतीचे किस्से सांगावेत आणि मग हळूच या गोष्टीकडे वळावं. पण तसं केलं असतं तर वळलोच नसतो, हे मला माझ्या स्वभावावरून ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकलं.

बातमी आली तेव्हा मी अंबरनाथच्या आनंदनगरातल्या आमच्या कंपनीत, कॅन्टीनमध्ये होतो. पुढ्यात उपमा होता. शेजारच्या टेबलावरच्या एका कॉन्ट्रॅक्टवाल्या पोराने मोबाइल माझ्यासमोर धरला. "विलासदादा, हा आपल्या मोरिवलीचा ना? तो फॉरेनच्या पिक्चरवाला?" काळा कोट, पिकलेली दाढी, मागे कुठल्या तरी परदेशी महोत्सवाचा पडदा. खाली लिहिलं होतं, जनार्दन मढवी यांचं मुंबईत हृदयविकाराने निधन. मी "हो" म्हणालो आणि उपमा संपवला. खरंच संपवला. जनूने शिकवलेली गोष्ट होती ती, पण त्याबद्दल पुढे.

अंत्यसंस्कार मुंबईतच झाले. 'मना मोरिवलीला नेऊ नका' असं त्याने बायकोला, सुनंदावहिनींना, आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे. गावात हे कळल्यावर जे बोललं गेलं ते मी कानांनी ऐकलं आहे. "मेला तरी माज नाय उतरला." "गोऱ्यांच्यात बसून गाव इसरला." तिसऱ्या दिवशी नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लागला, 'आपल्या मातीतला हिरा', आणि त्यात हिऱ्यापेक्षा शोक करणाऱ्या पुढाऱ्यांचे चेहरे मोठे. त्या बॅनरखाली उभे राहून लोक त्याला माजोरडा म्हणत होते आणि मी मान हलवत होतो. माज त्याला कधीच नव्हता. तो गावात का येत नव्हता, हे सांगू शकेल असा एकच माणूस तिथे उभा होता, आणि तो मान हलवत होता.

जनू आणि मी एकाच कंपनीत लागलो. रंग बनवायची कंपनी. तो पॅकिंगला, मी मेंटेनन्सला. तो मोरिवलीचा आगरी, घरची जमीन कारखान्यांत गेलेली. मी उल्हासनगरचा, कॅम्प चारच्या बुद्धविहारामागच्या वस्तीतला. तो शिफ्ट सुटल्यावर हळदीच्या कार्यक्रमात कॉमेडी करायचा. आमच्याकडच्या हळदी ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, लग्नापेक्षा हळद मोठी असते. गावजेवण, मटण, ऑर्केस्ट्रा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये वाद्यवाले दम घेतात तेव्हा माइक कॉमेडीवाल्याच्या हातात. पालेगावच्या एका हळदीला त्याने मला पहिल्यांदा नेलं. पंगतीत बसलो तर वाढणाऱ्या म्हाताऱ्याने परात तशीच धरून विचारलं, "तुमी कुनाकरचे? नवरीकरचे का नवऱ्याकरचे?" नाव सांगितलं की आडनाव विचारणार आणि आडनावानंतर काय होतं ते मला लहानपणापासून माहीत. शेजारून जनू म्हणाला, "माझ्याकरचा हाय. वाड त्याला. आनि नली वाड, रस्सा नको नुसता." म्हाताऱ्याने वाढलं. जनूने पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही. मीही नाही.

पण त्यातूनच त्याने त्याचा सगळ्यात गाजलेला आयटम केला. बिनबोलावता पंगतीत बसलेला माणूस. पान नाही, भाकरी नाही, काही नाही, नुसत्या हातांनी आणि जबड्याने तो जेवायचा. लोकांना नळीतला गर ओढल्याचा आवाज ऐकू यायचा. मग तोच म्हातारा होऊन विचारायचा, "कुनाकरचा रं तू?" आणि घास गालात सारून, छाती काढून सांगायचा, "मी मटनाकरचा!" सगळा मंडप हसून कोसळायचा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या गावांतली पोरंसोरंसुद्धा त्याला रस्त्यात ओरडायची, "जनू, कुनाकरचा?"

या सगळ्यात माझं एक काम होतं. दोन हजार माणसं बसलेली असली तरी पहिलं कुणीतरी हसावं लागतं. एक हसला की दहा हसतात आणि मग थांबत नाहीत. माझं हसणं विचित्र आहे. आधी शिट्टीसारखा श्वास आत जातो आणि मग एकदम फुटतं. जनूने ते कंपनीत हेरलं होतं. प्रत्येक कार्यक्रमात मी तिसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला बसायचो. माइक हातात घेतल्यावर तो आधी तिकडे बघायचा. मी दिसलो की सुरू. त्याने डोळा बारीक केला की मी हसायचो. किती वर्षं हे केलं! परत येताना मोटरसायकलवर मागे बसून तो म्हणायचा, "विल्या, तू नस्लास तं मी नुसता येरा दिसतू रं." येरा म्हणजे वेडा.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला लछू हळदींचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याने जनूच्या क्लिपा इंटरनेटवर टाकल्या. त्या बघून पुण्याची एक तरुण दिग्दर्शिका बदलापूरकडच्या एका हळदीला आली. स्टेजवरचा आयटम तिने पाहिला, हसलीही. पण आपल्या सिनेमासाठी तिने जनूला निवडलं ते नंतर. कार्यक्रम संपल्यावर तो मंडपामागे, भांड्यांच्या शेजारी उकिडवा बसून एकटाच जेवत होता, तेव्हा. दमलेला, कुणी बघत नाही असं समजून. ती माझ्याच बाजूला उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "हे असं... हे कॅमेऱ्यात हवंय मला." मी त्या माणसाला रोज बघत होतो, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

सहा-आठ महिने तो तालमीला पुण्याला जायचा. एकदा कॅन्टीनमध्ये म्हणाला, "बाई बोलते, कायपन करू नको. तोंड हलवू नको, भुवया हलवू नको. आयुष्यात पयल्यांदा कायच न कराचे पैसे मिलतात रं!" सगळे हसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "विल्या, आता तुला सुट्टी. हितं कुनी हसाचा नाय." प्रेमाने म्हणाला. मला ते प्रेमानेच ऐकता यायला हवं होतं.

सिनेमात तो एका कारखान्याच्या वॉचमनचा बाप झाला होता. पोरगा ड्युटीवर मेलेला. आणि बाप सवयीने, चुकून, डबा घेऊन गेटवर येतो. गेटवर नवा वॉचमन बघून त्याला आठवतं. मग तो फूटपाथवर बसतो, डबा उघडतो आणि पोराचं जेवण स्वतः जेवतो. शेवटच्या घासापर्यंत. एवढंच. कुठे संगीत नाही, रडणं नाही. 'आन्न टाकाचा नाय, रडाचा असंल तं जेवून रडाचा,' असं त्याची आई म्हणायची, ते त्याने तिथे वापरलं होतं.

परदेशात जाण्याआधी तो सिनेमा आपल्या माणसांना दाखवायचा हट्ट जनूचाच. अंबरनाथ पूर्वेला ज्या लग्नाच्या हॉलमध्ये आम्ही डझनावारी हळदी केल्या, तिथेच पडदा बांधला. मोरिवली आली, पालेगाव आलं, कंपनीतली माणसं आली. सगळी हसायच्या तयारीने आली होती, पण अर्धा सिनेमा होईपर्यंत हॉल गप्प झाला होता. मी सवयीने तिसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला. जनू पहिल्या रांगेत, दिग्दर्शिकेशेजारी. पडद्यावर त्याने डबा उघडला. पहिला घास तोंडात घातला. माझ्या बाजूला एका बाईने पदर तोंडाशी नेला. हॉल नेमका रडण्याच्या काठावर होता... आणि मी हसलो. शिट्टीसारखा श्वास, आणि मग ते फुटणं.

चुकून हसलो असं आजवर मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. ती बाई रडणार होती, सगळे रडणार होते, आणि त्यात माझं काहीच नव्हतं. माझ्याशिवाय तो हॉल त्याच्या मुठीत गेला होता. ते मला सहन झालं नाही.

मागून दोघे हसले, मग वीस. कुणीतरी ओरडलं, "कुनाकरचा रं जनू?" आणि पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, "मटनाकरचा!" मग सिनेमा संपेपर्यंत हॉल हसतच राहिला. दिवे लागल्यावर लोकांनी आयटमची मागणी केली. शिट्ट्या, टाळ्या. दिग्दर्शिका चेहरा पाडून बाहेर निघून गेली. जनू स्टेजवर चढला, माइक घेतला आणि नेहमीप्रमाणे तिसऱ्या रांगेकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग डोळा बारीक केला. आणि मी हसलो. हो, तेव्हाही हसलो. त्याने पुरा आयटम केला. तो त्याचा शेवटचा.

पुढचं तुम्ही पेपरांत वाचलेलं आहे. त्याच डब्याच्या प्रसंगासाठी बाहेरच्या लोकांनी त्याला उभं राहून टाळ्या दिल्या, मग तिकडच्या दिग्दर्शकांनी त्याला बोलावलं, ज्यांची भाषा त्याला येत नव्हती अशा देशांत त्याची पोस्टरं लागली. विमानतळावर अनोळखी माणसं त्याचा हात हातात घ्यायची. मोरिवलीच्या सत्काराचं आमंत्रण दरवर्षी जायचं, तो दरवर्षी शूटिंग सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुंबईच्या घरी एकदाच गेलो. वहिनींनी भाकऱ्या केल्या होत्या. त्याने कंपनीतल्या एकेकाची चौकशी केली. निघताना लिफ्टपाशी म्हणाला, "विल्या, त्या दिवशी हॉलात पयला कोन हसला, तुना कलला का रं कदी?" आवाज अगदी साधा. कबुलीचं दार माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं त्याने. मी म्हणालो, "एवढ्या गर्दीत कसं कळणार?" "हा," तो म्हणाला, "गर्दीत नाय कलत." आणि लिफ्टचं बटण त्यानेच दाबलं. ज्या हसण्यावर त्याने वीस वर्षं पोट भरलं, ते त्याला ओळखू आलं नसेल?

गेल्या आठवड्यात त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. वहिनी आल्या होत्या. सिनेमा दाखवावा असं कुणीतरी सुचवलं, तर आयोजक म्हणाले, सीरियस आहे, पब्लिक बसणार नाही. त्याऐवजी लछूची जुनी क्लिप लावली. शोकसभेत हशा. क्लिप सुरू झाली तेव्हा त्यातलं माझं हसणं स्पष्ट ऐकू आलं, सगळ्यांच्या आधी, शिट्टी आणि मग फुटणं. लछू वळून मला म्हणाला, "साईं, ये तो तेरा हसना है! कमाल है यार, सबसे पहले तूच हसतो." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं.

वहिनी बाहेर येऊन माझ्याशी बोलल्या. "भावोजी, एक विचारू? कुठल्याही देशात सिनेमा दाखवायचे ना, दिवे जायच्या आधी हे मागे वळून तिसऱ्या रांगेत बघायचे. डाव्या बाजूला. मी विचारलं तर काही सांगायचे नाहीत. काय असतं तिथे?" मी म्हणालो, सवय असेल. पुन्हा खोटं. मला शोधत होता की मलाच भीत होता, ते मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही.

तो हॉल अजून आहे. खुर्च्या बदलल्यात, रांगा त्याच आहेत. आमच्या माणसांनी तो सिनेमा अजून धड पाहिलेला नाही. तो तिथे पुन्हा लावायचा, आधी उभं राहून हे सगळं लोकांसमोर तोंडाने सांगायचं, आणि मग तिसऱ्या रांगेत डाव्या टोकाला बसून, त्याचा डबा संपेपर्यंत गप्प राहायचं. एवढं मी जनूचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.