बोटभर जागा

वयाच्या चाळिशीत मला बर्फाचं वेड लागलं, आणि तेही नाशकात, जिथे बर्फ म्हणजे रसवंतीवाला सुतळीच्या पोत्यातून काढून फोडतो तेवढाच. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर हिमालयात फिरायला गेले होते. तिथे एक पोरगी दोन्ही पाय एका फळीला बांधून, आडवी उभी राहून, उतारावरून अशी काही सुसाट गेली की मी हातातला चहा तसाच धरून बघत राहिले. ती फळी म्हणजे स्नोबोर्ड. तिथल्या तिथे ठरवलं, हे आपल्याला आलंच पाहिजे.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बरफ पायजे तर फ्रीज उघड की. तिकडं कडमडायला कशाला जायचं?"

सासूबाई मूळच्या निफाडकडच्या. बोलणं तिखट आणि कान त्याहून तिखट. घरात घालायच्या त्यांच्या स्लिपर त्यांच्या पायांपेक्षा एवढ्या मोठ्या की चालल्या की फटक फटक आवाज व्हायचा. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या कुठल्या खोलीत आहेत हे मला वीस वर्षं त्या आवाजावरूनच कळायचं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चिवडा खात असले, तर डबा बंद करायला पुरेसा वेळ मिळायचा.

तर, पहाडातल्या एका शिबिरात दर हिवाळ्यात चौदा दिवसांचे वर्ग भरतात. पहिला वर्ग मी कशीबशी पास झाले. दुसऱ्यात दोनदा नापास! एकलहऱ्याला वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत बॉयलरचं पाणी तपासण्यात माझी उमर गेली, शाळेपासून कधी नापासाचा शिक्का माहीत नाही, आणि इथे विशी-बाविशीच्या पोरांसमोर दोन वर्षं ओळीने नापास. टाचेवर भार टाकून वळायचं, ते जमायचं. चवड्यावर भार टाकून वळायचं म्हटलं की मी तोंडावर. दुसऱ्या वर्षी शिक्षकांनी माझे भाड्याचे बूट दाबून पाहिले आणि सांगितलं, "तुमची टाच आत उचलली जाते. तुम्ही वळता, बोर्डला ते कळतच नाही. स्वतःचे नीट मापाचे बूट घ्या."

आणि पुढचा हिवाळा शेवटचा होता. त्या वर्गाला पंचेचाळीस वयाची अट आहे. मी चव्वेचाळीस पूर्ण केली होती. आता नाही तर कधीच नाही, इतकं सरळ होतं ते. मला ते वळण हवं होतं. इतकं हवं होतं की भाजी चिरतानासुद्धा मी चवड्यांवर उभी असायचे.

माझा भाचा, म्हणजे नणंदेचा मुलगा, कॅनडात असतो आणि स्वतः बोर्ड चालवतो. दिवाळीला येताना तो माझ्यासाठी बोर्ड आणि बूट आणणार असं ठरलं. मग काय विचारता! दर रविवारी सकाळी, त्याची शनिवारची संध्याकाळ असताना, आमची खलबतं सुरू. नुसत्या भुसभुशीत बर्फासाठीचा बोर्ड वेगळा, वेगात जायचा ताठ बोर्ड वेगळा, उड्या आणि कसरतींसाठीचा लवचीक वेगळा. मला एकच हवा होता, जो सगळ्या डोंगरावर चालेल आणि मनात आलं तर छोटी उडीही मारू देईल. दोन्ही टोकं सारखी, ना फार ताठ ना फार मऊ.

"उडी?" नवरा पेपरामागून म्हणाला. "परवा स्टुलावरून उतरताना मला हाक मारलीस."

"स्टुलाखाली बर्फ नव्हता," मी म्हटलं.

भाच्याने बजावलं होतं, "मामी, बोर्ड नंतर. आधी पायाचं माप पाठव. बोर्डची रुंदी बुटावरून ठरते. बूट मोठा तर बोर्ड रुंद."

आता माप. आमच्याकडे परगावाहून चप्पल मागवायची तर पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उभी राहिले, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड चढवून, कारण तिकडे थंडी. स्वतःच्या पायाभोवती स्वतःला पेन्सिल फिरवता येत नाही, म्हणून सासूबाई खाली बसल्या आणि अगदी मन लावून त्यांनी पाय काढला. नवऱ्याने टेपने मोजला आणि आकडा भाच्याला कळवला. माझं काम झालं म्हणून मी चहा टाकला.

पुढच्या रविवारी सकाळी भाचा थेट दुकानातूनच व्हिडिओवर आला. चेहरा पडलेला.

"मामी, हा दुकानदार विचारतोय तुझी उंची किती."

"पाच फूट एक. का रे?"

त्याने तिकडे इंग्रजीत सांगितलं. पाठीमागून कोणीतरी खदाखदा हसलं. "तो म्हणतो, या बुटांच्या मापाला तुला पुरुषांचा रुंद बोर्ड घ्यावा लागेल. आणि तुझ्या वजनाच्या माणसाला तो वळवता येणार नाही. चवड्यावर तर नाहीच नाही."

म्हणजे तेच. पुन्हा तोंडावर, आणि या वेळी स्वतःच्या बुटांत. पाय असे कसे असतील माझे? मी तशीच अनवाणी भिंतीला टाच लावून उभी राहिले आणि मुलीची शाळेची फूटपट्टी जमिनीवर ठेवली. साडेतेवीस सेंटिमीटर.

"तू किती नंबर मागितलास?" मी भाच्याला विचारलं.

"साडेसव्वीस."

मग मी जी भडकले! हॉलमध्येच कोर्ट भरवलं. नवऱ्याने कबूल केलं की कागदावर पंचवीस भरले होते, पण "थोडी जागा असावी" म्हणून त्याने सव्वीस कळवले. भाच्याने सव्वीस ऐकून वर अर्धा स्वतःचा टाकला, "मामीला चावायला नकोत" म्हणून. मी मोज्यांच्या दोन जोडांचं पाप कबूल केलं. राहिल्या सासूबाई.

"मी काय केलं? पेन्सल जरा बाहेरून फिरवली. बोटभर जागा नको का? घट्ट बूट घालून डोंगरावर रडत बसशील."

म्हणजे माझ्यावरच्या प्रेमापायी प्रत्येकाने बोटबोट वाढवलं, आणि माझा पाय घरातल्या घरात तीन सेंटिमीटर वाढला! प्रयोगशाळेत मी थेंबाचा हिशेब लावते आणि स्वतःच्या पायाचं माप असं अंदाजपंचे काढलं. हसू आणि राग एकदमच आले, आणि हसू जिंकलं. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

हसणं थांबल्यावर सासूबाई सहज म्हणाल्या, "आम्हाला सवयच तशी. आम्ही तिघी बहिणी. चप्पल यायची ती थोरलीच्या मापाची. मग दुसरीला, मग मला. माझ्यापर्यंत यायची तवर नुसती फाकलेली. पुढं चिंधी कोंबायची अन् चालायचं. मोठीच बरी वाटते मग."

भाच्याने साडेतेवीसचेच बूट आणले आणि त्याला साजेसा एकशे त्रेचाळीस सेंटिमीटरचा बोर्ड, जांभळा, त्यावर पिवळी रेघ. दिवाळीत पंख्याखाली घाम गाळत मी बूट चढवले. बोटं पुढे टेकली. सासूबाई लगबगीने आल्या, वाकल्या, अंगठ्याने माझी बोटं चाचपली. "आगं बाई, टेकत्यात की! परत कर, परत कर!"

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. लहानपणापासून बोटं टेकली की दुकानदार पुढचा नंबर काढतो, हेच माहीत. पण भाचा म्हणाला, "गुडघे वाकव." वाकवले. बोटं आपसूक मागे सरली आणि टाच मागे घट्ट बसली. मी चवड्यांवर उठले, टाच बुटात हलली नाही. पुन्हा उठले. अहाहा! पाय आणि बूट एकत्र येताहेत, हे मी पहिल्यांदा अनुभवत होते.

बूट पायाला बसावेत म्हणून रोज अर्धा तास घालायचे होते. मी ते घालून दुधाच्या पिशव्या आणल्या, सोसायटीच्या मीटिंगला बसले. भाजीवाली म्हणाली, "ताई, पाय मोडला का?" सासूबाईंनी बोर्डला हळद-कुंकू लावून नारळ फोडला आणि त्याच्या तळाला कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते तेवढं बर्फात पहिल्याच दिवशी पुसून गेलं.

परीक्षेच्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी टाचेवरचं पहिलं वळण घेतलं. मग गुडघे वाकवले, नडग्या पुढे रेटल्या, चवडे दाबले. बोर्डला कळलं. मी केलं आणि त्याच क्षणी त्याला कळलं! पाठ उताराकडे, तोंड डोंगराकडे, आणि मी उभी. मग दुसरं वळण, तिसरं, खाली येईपर्यंत मी किती घेतली ते मोजलं नाही. खाली पोहोचले तेव्हा मी मोठमोठ्याने हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पास झाले. चव्वेचाळीस पूर्ण झाल्यावर, सगळ्या वर्गात वयाने सर्वांत मोठी, मी पास झाले.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना घरातल्या स्लिपरसकट रिक्षात घालून द्वारका चौकातल्या चपलांच्या दुकानात नेलं. पोऱ्याने विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "सहा नंबर."

"सहा नाही. मोजा," मी म्हटलं.

त्याने पाय मोजला. चार. बहात्तर वर्षांच्या बाईचा चार नंबरचा पाय, आणि तो आजवर कोणी मोजलाच नव्हता. त्यांनी घरात घालायच्या नव्या स्लिपर चढवल्या आणि दुकानात दोन फेऱ्या मारल्या. जुन्या पिशवीत घालून घेतल्या नाहीत, तिथेच दुकानात ठेवल्या.

संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी राहून चिवड्याचा डबा उघडला. बकाणा तोंडात टाकला आणि खांद्यावर हात पडला. मी केवढ्याने दचकले! मागे सासूबाई उभ्या.

"आता नाय कळायचं तुला, मी कधी आले ते," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातला डबा घेऊन आवाज न करता निघून गेल्या.