प्रवाळाचा चोर आणि आबांची राखण

जळगावच्या उन्हाळ्यात माणसाला स्वतःचं डोकं थंड ठेवता येत नाही, आणि मी समुद्र थंड ठेवतो. तोही बैठकीच्या खोलीत, जिथे पूर्वी टीव्ही होता तिथे. काचेची पेटी, मोजून मीठ कालवलेलं पाणी, ते गार ठेवणारं एक घुरघुरणारं मशीन, थोडे मासे आणि माझे लाडके प्रवाळ. या छंदाविषयी गल्लीत दोन मतं आहेत. काहींच्या मते मला वेड लागलंय, बाकीच्यांच्या मते ते आधीपासूनच होतं. बायको तिसऱ्या मताची. ती पाहुण्यांना सांगते, "पाणी गार हवं असेल तर माठातलं घ्या. मशीनचं गार पाणी आमच्याकडे फक्त माशांना मिळतं."

प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतलं पोवळं आठवतं. माझे प्रवाळ जिवंत आहेत. शर्टाच्या बटणाएवढी फुलं, कडेला हिरवी झालर, मधोमध केशरी ठिपका. वरचा दिवा लागला की उमलतात, विझला की मिटतात. फुलं म्हणायचं आपलं, एरवी ती जनावरंच. पेटीतल्या सगळ्यात उंच दगडावर त्यांची दाट वस्ती होती, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती अशी दाखवायचो, जणू एकेक बटण मीच शिवलंय.

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आबा, म्हणजे माझे वडील, शिरपूरकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आले. आले म्हणजे आणले. आयुष्यभर कपाशीत वावरलेला माणूस. शहरात त्यांना करायला काही नव्हतं. सकाळी गॅलरीत उभे राहायचे, समोरच्या इमारतीकडे पाहून आपल्या अहिराणीत म्हणायचे, "आठे दखाले काय शे? भिंती." आणि गावाला जायला म्हणून रोज एकदा आपली कापडी पिशवी भरायचे. मी ती रोज रिकामी करायचो.

मग त्यांना मासा भेटला. लिंबाच्या रंगाचा, डोळ्याभोवती निळी कडी असलेला. आबांनी काचेवर बोट ठेवलं की तो बोटाशी यायचा. बोट सरकलं की तोही सरकायचा. मी त्याला विकत आणलं, रोज खाऊ घातलं, पण माझ्या बोटाकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही. आबांनी खुर्ची पेटीसमोर ओढून घेतली, पिशवी खुंटीला गेली, आणि गावाला जायचा विषय संपला. मी मनातल्या मनात त्या माशाला श्रीफळ आणि शाल दिली.

आणि नेमकी बटणं कमी होऊ लागली.

आधी कडेचं एखादं मिटलेलंच राहिलं. मग जिथे बटण होतं तिथे नुसता दगड दिसायला लागला. रोगाने मेलं असतं तर सडकं काहीतरी उरलं असतं. इथे ताट पुसून खाल्ल्यासारखी सफाई होती. म्हणजे कुणीतरी खात होतं, आणि आवडीने खात होतं.

या छंदातला माझा गुरू धुळ्याला असतो. कॉलेजात शिकवतो, आणि बोलताना समोर वर्ग भरलाय असंच बोलतो. मी त्याला फोनवर पेटी दाखवली. त्याने पाहिलं न पाहिलं तोच निकाल दिला.

"भाऊ, तो पिवळा! त्या जातीचे प्रवाळाला तोंड लावतातच. काढ त्याला."

"अरे, पण तो तर दगडावरचं शेवाळ टोचतो."

"चोर दिवसा कीर्तनालाच बसतो, भाऊ. रविवारी येतो मी, झाकणाची बादली घेऊन. माझ्याकडे नुसते मासे असलेली पेटी आहे, तिथे राहील सुखात."

आबा मागे बसून सगळं ऐकत होते. उठले, खुंटीवरून पिशवी काढली आणि भरून दाराशी ठेवली.

"त्याना काय गुन्हा शे?" ते म्हणाले. "तो गया तर मी बी जासू."

झालं! एका पिवळ्या माशाच्या शेपटीला माझे वडील बांधलेले. मासा ठेवावा तर प्रवाळ संपणार, काढावा तर आबा गावात एकटे, तेही तो गुडघा घेऊन. बायको म्हणाली, "अहो, बटणंच आहेत ना? मी डब्यातली देते वाटल्यास." पण मलाही माझी फुलं डोळ्यांदेखत जाताना बघवत नव्हती.

आबांनी त्यावर त्यांचा तोडगा काढला. राखण! ज्वारीला कणीस धरलं की पाखरं राखतात, तशी. दिवा लागला की ते खुर्चीत बसायचे, आणि पिवळा उंच दगडाकडे निघाला रे निघाला, की टाळ्या वाजवून ओरडायचे, "हुर्र! हुर्रऽऽ! चाल, उड!" पिवळा बिचारा टाळ्या ऐकून उलट काचेशी यायचा, त्याला वाटायचं आपलं कौतुक चाललंय. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, तुमच्याकडे पोपट आणला का म्हणून. दुपारी आबांचा डोळा लागला की राखण बायकोकडे जायची. ती निवडायची मेथी घेऊन बसायची आणि नुसतीच म्हणायची, "ए, आबा उठतील हं."

एवढ्या बंदोबस्तात पिवळ्याला दगडाला शिवायलाही मिळत नव्हतं. तरी बटणं जातच होती.

आबा म्हणाले, "दख! मन्हा मासा नही तो." मला पटत होतं, पण मग खाणारा कोण? त्या दगडाजवळ दुसरं कुणी फिरकत नव्हतं. एक गोगलगाय तेवढी बटणांच्या मधे कवचात मिटून बसलेली असायची. कुठल्यातरी दगडाला चिकटून आयती आली होती. शेवाळ साफ करायला मी गोगलगायी पाळतोच, त्यामुळे हिचंही कौतुकच वाटायचं. बघा, म्हणायचो, फुलांच्या मुळाशी बसून कशी निगा राखते! आणखी एक गोष्ट मला खटकायची. पेटीतल्या कामाचा माझा लांब चिमटा सकाळी ओला असायचा. मला वाटायचं बायको काचेवरचं काही काढत असेल. तिला वाटायचं मी.

रविवारी धुळ्याची बस वेळेवर आली, हा पहिला अपशकुन. गुरू बादली घेऊन दारात उभा. आबा पिशवीशेजारी, पायात चपला घालून. बायको मेथीची परात घेऊन, पिवळा काचेला नाक लावून.

"आधी दगड बघतो," गुरू म्हणाला. या प्रवाळांच्या अंगात विष असतं म्हणून त्याने हातमोजे चढवले, खिशातून भिंग काढलं, आणि वाकून पाहता पाहता एकदम थांबला.

"हे कोण?"

"गोगलगाय," मी म्हणालो. "साफसफाईला."

त्याने ती चिमट्याने उचलली. चपटं, जिलेबीसारखं वळत गेलेलं कवच, कडेने सोंगट्यांच्या पटासारखी नक्षी. तिच्याखाली एक बटण होतं. म्हणजे अर्धं होतं.

"भाऊ," गुरूचा आवाज वर्गातल्या आवाजावरून एकदम खाली आला, "ही हेच खाते. दुसरं काही खातच नाही. पण हिला लपायची सवय असते. अशी राजासारखी माथ्यावर कशी बसली?"

"मी बसाडस तिले," आबा म्हणाले.

आम्ही तिघंही वळलो.

"शंख शे तो," आबा अगदी शांतपणे म्हणाले. "रोज सकाळले खाले रेतीमा पडेल ऱ्हास. शंख कोनी भुईवर ठेवस का? देवघरमा बी त्याले आसन ऱ्हास. आंघोळ व्हयनी की मी चिमटावरी उचलीसन वर ठेवस."

म्हणजे, पोटभर खाऊन चोर रात्रीत खाली घरंगळायचा, आणि आमचा राखणदार आंघोळ करून, शुचिर्भूत होऊन, त्याला पुन्हा ताटावर नेऊन बसवायचा. मग दिवसभर टाळ्या वाजवून त्याच्या जेवणाचं माशापासून रक्षण करायचा!

पहिली हसली ती बायको. तिला मेथीची परात खाली ठेवावी लागली. मग गुरू, मग मी. आबा हसले नाहीत. ते पेटीजवळ गेले, काचेवर बोट ठेवलं. पिवळा आला. "सुटना रे तू," ते त्याला म्हणाले. मग चपला काढल्या.

गुरू गोगलगाय फेकायला निघाला तेव्हा मात्र आबा आडवे आले. "शंख फेकतस का कोनी?" शेवटी माशासाठी आणलेल्या बादलीत गोगलगाय बसली.

"पण हिला मी खाऊ काय घालू?" गुरू रडकुंडीला आला. "हिला हीच बटणं लागतात!"

"मग दे ना रे त्याले," आबा मला म्हणाले. "पाहुणा उपाशी जाई का आपला घरमाईन?"

आणि मी, ज्याने त्या बटणांसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, त्याने कडेची बटणं दगडाच्या टवक्यासकट स्वतःच्या हाताने काढून चोराला शिदोरी बांधून दिली.

आता उंच दगडावर नवी बटणं फुटली आहेत. धुळ्याला शंख वेगळ्या बरणीत राहतो, आणि आबा गुरूला फोन करून त्याला आसन म्हणून उलट्या वाटीवर बसवलंय ना, याची खात्री करून घेतात. कापडी पिशवी बायकोने भाजीला घेतली. आबांना त्याचा पत्ताही नाही. ते राखणीला बसलेले असतात. आता राखायला काही उरलं नाही, हे त्यांना माहीत आहे, पण टाळी वाजवल्याशिवाय पिवळा जेवत नाही.