चांदी कुणी घालायची

लंडनच्या ज्या म्युझियममध्ये मी आणि मावशी अटेंडंट आहोत, तिथे मावशी माणसाचा चेहरा शेवटी बघतात. आधी कंबर, मग गळा, मग बोटं. मध्ययुगातले दागिने सांभाळून सांभाळून ही सवय लागलेली. काचेतल्या चांदीच्या कंबरपट्ट्याकडे बघून म्हणतात, "गुडघ्यापर्यंत लोंबतोय मेल्याचा! म्हणजे धुणं-भांडी दुसरंच कोणी करत असणार."

मी नववीत शाळा सोडलेली. नोकरी पक्की व्हायला मॅनेजरसमोर, पाहुण्यांना त्या पट्ट्याची माहिती इंग्रजीत पाच मिनिटं सांगायची होती. दुसऱ्याच वाक्याला माझी दातखीळ बसली. लोक फोन काढू लागले. तेवढ्यात मागून मावशींचं इंग्रजी आलं, "एक्स्क्यूज मी मिस, गरिबांनी काय घालायचं?"

ते मात्र मला ठाऊक होतं. शेतात राबणाऱ्याने चांदी घालायची नाही, असा इथे तेव्हा कायदाच होता, मी म्हणाले. आणि आमच्या गावी, आमच्या वस्तीतल्या बायकांनाही पूर्वी सोन्या-चांदीची मनाई होती. मग कागद न बघता पंधरा मिनिटं बोलले. एकही माणूस हलला नाही.

मॅनेजरने तिथल्या तिथे हात मिळवून "वेलकम" म्हटलं. मी मावशींच्या पाया पडायला गेले, तर त्यांनी दंडाला धरून मला उभं केलं.

"पाया पडू नको, पोरी. जयभीम म्हण."

दिवसभर लोकांना "हळू बोला" सांगणारी मी, इतक्या मोठ्याने म्हणाले की अख्खं दालन वळून बघायला लागलं.