विनोदाखालची कार्डं

लायब्ररीत बोलायला मनाई असते, त्यामुळे तिथले किस्से खर्च होत नाहीत, नुसते साठत जातात. ग्लासगोच्या एका लायब्ररीत मी पंधरा वर्षं काढली. पण सगळ्यात जास्त माल जमला तो एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यात.

एका मरीन इंजिनियरच्या विधवेने आम्हाला एक खोका आणून दिला. नवरा बोटीवर असताना त्याने लेनिनग्राडहून आणलेला. उघडून बघितलं, तर आत क्रांतीनंतरच्या दहा वर्षांतली रशियन विनोदी मासिकं! साहेब, कारकून, कमिट्या, रांगा, सगळ्यांची टर उडवलेली. आणि छापणारं खुद्द सरकार.

आमच्या हेडबाईंनी ठरवलं, प्रदर्शन करायचं. मी पुण्यात दोन वर्षं रशियन शिकले होते, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येक चित्राखाली एक कार्ड, आणि त्यावर तो विनोद चाळीस शब्दांत इंग्लिशमध्ये समजावून सांगायचा.

मदतीला दोन व्हॉलंटियर मिळाले. एक गालिनाबाई, पासष्टीच्या. लहानपण लेनिनग्राडला गेलं, युद्धात जर्मनांनी मजुरीला ओढून नेलं, आणि तिथून त्या स्कॉटलंडच्या गिरणीत आल्या. दुसरा विली, गोदीतला रिटायर्ड वेल्डर आणि पक्का कम्युनिस्ट.

*

पहिल्याच चित्रात एक म्हातारा सरकारी खिडकीशी उभा. कारकून म्हणतो, "तुम्ही जिवंत आहात असा दाखला आणा."

"अहो, पण मी समोर उभा आहे."

"मला दिसताय. फायलीला दिसत नाही."

मला खुदकन हसू आलं. गालिनाबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "साठ वर्षांपूर्वीचा रशियन विनोद तुला इतक्या लवकर कसा कळला?"

"लग्नाआधी मी पुण्यात सरकारी ऑफिसात होते," मी म्हटलं.

त्यावरचं कार्ड लिहायला मात्र मला तीन दिवस लागले. शेवटी घरी ह्यांच्या हातात दिलं. हे हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून नुकतेच आले होते. म्हटलं, "अहो, वाचून हसू येतं का बघा जरा." ह्यांनी ते एक्स-रे धरावा तसं दिव्यासमोर धरलं, नीट वाचलं, आणि परत दिलं.

"पेशंट गेलाय," म्हणाले.

*

विलीला ही मासिकं खपेनात. "हे शत्रूने छापलेलं असणार," तो म्हणाला. मी त्याला शेवटच्या पानावरचं सरकारी छापखान्याचं नाव वाचून दाखवलं. तो कोट घालून निघून गेला आणि दोन दिवस फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी आला आणि पुढचं चित्र उचललं. त्यात एक लांबलचक मीटिंग चाललेली. अजेंड्यावर एकच विषय: ही मीटिंग कशासाठी बोलावली, हे ठरवायला पुढची मीटिंग कधी घ्यायची. विलीने खुर्चीतल्या अध्यक्षावर बोट ठेवलं.

"ह्या अध्यक्षाला मी ओळखतो," तो म्हणाला. "वीस वर्षं आमच्या युनियनमध्ये होता."

त्यानंतर त्याने एकही दिवस बुडवला नाही.

*

एक चित्र आम्हा दोघांना काही केल्या उलगडेना. एका स्वयंपाकघरात पाच बायका, पाच स्टोव्ह, आणि पाचही पातेल्यांना कुलपं.

"पातेल्याला कुलूप कशाला?" विलीने विचारलं.

"पाच कुटुंबांत एक स्वयंपाकघर," गालिनाबाई म्हणाल्या. "आमच्याकडे सात होती. कुणाच्या सूपमध्ये काय पडलंय हे सगळ्यांना माहीत असायचं. कुणी टाकलं, तेवढं कळायचं नाही."

मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं कार्डावर घातलं. प्रदर्शनात सगळ्यात जास्त लोक त्याच कार्डापुढे थांबत होते.

*

प्रदर्शनाला मॉस्कोहून एक अधिकारी पाहुणे आले. हात मागे बांधून एकेक चित्र बघत गेले. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. विलीला राहवेना. "आवडली नाहीत का, विचारा त्यांना," तो म्हणाला.

गालिनाबाईंनी विचारलं. पाहुणे हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि बाईंनी तितक्याच गंभीरपणे भाषांतर केलं:

"फार आवडली. सगळी पाठ करून ठेवतायत. हॉटेलवर गेले की हसणार आहेत."

*

प्रदर्शन संपलं आणि आम्ही मासिकं परत खोक्यात भरायला बसलो. तळाशी एक अंक निघाला, जो आम्ही मांडलाच नव्हता. त्यातल्या दोन चित्रांखालच्या सह्या आणि संपादकांपैकी तिघांची नावं काळी झालेली. मला वाटलं, छपाईचा दोष.

"छपाई नाही ती. शाई आहे," गालिनाबाई म्हणाल्या. "शाळेत बाई पान नंबर सांगायच्या. म्हणायच्या, अमुक ओळीतला माणूस आता नाही. मग आम्ही दौती काढून ते नाव काळं करायचो. क्रमिक पुस्तकं सगळ्यांनी करायची. वाचनालयातले अंक मात्र अक्षर चांगलं असेल त्याच मुलींना. सुलेखनात माझा पहिला नंबर होता."

विलीने खुर्ची पुढे सरकवली. त्या बसल्या नाहीत. अंक घेऊन खिडकीशी गेल्या, चष्मा काढला, आणि पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन त्या काळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिल्या.

मी भीतभीत विचारलं, "तुमच्या हातचं आहे का हे?"

त्यांनी पान उलटून मागची बाजूही बघितली.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे दुसऱ्या शाळेचं काम. आमची शाई रेघेबाहेर जात नसे."